मांडणाऱ्यानं बघायचं नाही

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत आणि घरी तिचा मोठा भाऊ तिला चिमणी म्हणायचा. दोन्ही नावं तिला आवडत. मला विचाराल तर एका माणसाला लाडाची दोन-दोन नावं मिळूच नयेत, डोक्यात हवा शिरते. पण मी पडले तिची मैत्रीण, भिंतीपलीकडे पॉलिशच्या टाक्यांवर आयुष्य काढलेली. मला कुणी कधी साधं टोपणनावसुद्धा ठेवलं नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडी जळजळ असणारच, ती धरून चाला.

आमच्या कारखान्यात स्टेंट बनतात. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की डॉक्टर जी जाळीदार नळी आत सरकवून फुगवतात, ती. तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब असते आणि तशीच बारीक. लेझरने कोरून झाली की ती माझ्याकडे यायची, मी ती आम्लात बुडवून लख्ख करायची आणि मग काही नग घारीच्या खोलीत जायचे. घारीचं काम ऐकायला अगदीच फुसकं वाटतं. नळी एक्स-रेमध्ये दिसते का, एवढंच बघायचं.

पण सगळी गोम तिथेच आहे. डॉक्टर काही छाती उघडत नाही. तो मनगटातून तार घालतो आणि समोरच्या पडद्यावर एक्स-रेचं हलतं चित्र बघत नळी जागेवर नेतो. पडद्यावर नळी दिसली नाही तर तो बिचारा चाचपडतो. नळीची जाळी जितकी पातळ तितकी ती शरीराला बरी, पण साधा धातू पातळ केला की किरण त्यातून आरपार निघून जातात, सावलीच पडत नाही. म्हणून त्यात प्लॅटिनमसारखा जड धातू मिसळायचा. हे मिठासारखं आहे. कमी पडलं तर नळी गायब, जास्त झालं तर सावली इतकी काळी की आत रक्त वाहतंय की नाही तेच कळत नाही. आमचे साहेब, म्हणजे धातूंचे इंजिनिअर, वर्षानुवर्षं या प्रमाणाशी झटापट करत होते. त्यांचे निम्मे केस प्लॅटिनमने गेले असं आम्ही म्हणायचो, आणि ते ऐकून साहेब उरलेल्या निम्म्यांवरून हात फिरवायचे.

नवीन मिश्रण आलं की त्याची परीक्षा घारीच्या टेबलावर व्हायची. तिथे पाण्याची एक चपटी पेटी असायची आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे. हेच आमचं माणसाचं शरीर. पेटीत खाचांच्या रांगा. काही खाचांत नळ्या ठेवायच्या, काही रिकाम्या सोडायच्या. एकीनं मांडायचं, दुसरीनं पडद्यासमोर बसून सांगायचं, नळी कुठे आहे आणि तिची टोकं कुठे संपतात. या खोलीचा एकच कडक नियम होता. मांडणाऱ्यानं बघायचं नाही. ज्याला माहीत आहे त्याला दिसतंच. चष्मा कुठे ठेवलाय हे ठाऊक असलं की अंधारातसुद्धा बरोबर हाताला लागतो ना, तसं.

मांडायला असायची जांभई. ती खोलीत आली की आधी जांभई यायची आणि मागून ती, म्हणून हे नाव. बघायला घार. आणि काय नजर होती हो! लहानपणी वहिनीच्या कानातल्या कुड्यांचं मळसूत्र अंगणात पडलं होतं, सगळं घर कंदील आणि झाडू घेऊन धावत होतं, तर ही उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, ते काय, मुंगीच्या शेजारी. ही गोष्ट तिच्या दादाने मला इतक्या वेळा सांगितली आहे की ती मुंगी आता माझ्याही ओळखीची झाली आहे.

दादाशिवाय तिला कुणी नव्हतं. आईवडील लवकर गेले. दादा शाळेची बस चालवायचा आणि ही त्याच बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून शाळेत जायची. त्याने तिला शिकवलं, लग्न लावून दिलं, आणि लग्न मोडल्यावर ती एका बॅगेसकट दारात उभी राहिली तेव्हा, "वरची खोली झाडून ठेवलीय," एवढंच म्हणाला. वहिनीने मात्र तोंड वाकडं केलं ते बरीच वर्षं तसंच ठेवलं. वहिनी वाईट नव्हती. पण आपल्या संसारात तिसरं माणूस कायमचं परत आलं की बाईच्या जिभेला धार येते, त्यात नवल नाही. दोघी एका घरात राहायच्या आणि भिंतीशी बोलल्यासारख्या एकमेकींशी बोलायच्या. "ज्यांना जेवायचंय त्यांनी वाढून घ्यावं," असं.

तर, नवीन मिश्रण. साहेबांनी जाळी आणखी पातळ केली होती आणि प्लॅटिनमही थोडं कमी केलं होतं. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. नेमकी तेव्हा जांभईची मुलगी बाळंतपणाला आलेली, त्यामुळे जांभई रजेवर. साहेब म्हणाले होते, थांबा, ती आली की करू. कुणी घाई केली नाही. कुणी दम दिला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी आपण लगेच वरच्यांच्या नावाने बोटं मोडायला लागतो. घारीनेच सकाळी पेटी काढली, नळ्या मांडल्या, पत्रे ठेवले, आणि जाऊन पडद्यासमोर बसली. तिला वाटलं, माझ्या डोळ्यांना कसला आलाय नियम. नियम जांभईसारख्यांसाठी.

तिला दिसलं. खोटं नाही, खरंच दिसलं. पुसटशी सावली, दोन्ही टोकं, सगळं. तिने साहेबांना जाऊन सांगितलं, "दिसतंय." साहेबांनी, "तू बघितलंस?" विचारलं. तिने हो म्हटलं. मग कोणी मांडलं ते विचारायची साहेबांना गरज वाटली नाही. घारीनं बघितलंय म्हटल्यावर विषय संपला.

माल बाहेर जाऊ लागला आणि थोड्याच महिन्यांत दादाच्या छातीत दुखायला लागलं.

तपासणीत एक रक्तवाहिनी बरीच तुंबलेली निघाली. स्टेंट घालायचं ठरलं. तिथे आमची घार पदर खोचून उभी राहिली. डॉक्टरांपुढे म्हणाली, "आमच्याकडचा नवा घाला. सगळ्यात पातळ आहे. माझ्या डोळ्यांखालून गेलाय." डॉक्टरांच्या दवाखान्यात तो येतच होता, त्यांनी मान डोलावली. मी त्या दिवशी तिच्याबरोबर होते, बाहेरच्या बाकावर. वहिनी हातात दादाचे कपडे घेऊन बसली होती. आत नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. शेवटी डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर ओढला आणि म्हणाले, "बसवलाय. काळजी करू नका. एक टोक पडद्यावर जरा नीट दिसत नव्हतं, अंदाजाने घ्यावं लागलं. पण रक्त चांगलं वाहतंय."

वहिनीने हात जोडले. मी सुटकेचा श्वास सोडला. घार मात्र होती तिथेच गोठली. मला वाटलं, ताण उतरला की होतं असं कधीकधी. मी तिला पाणी आणून दिलं. तिने ते हातात धरलं आणि प्यायलाच विसरली.

दादा घरी आला आणि त्याने गावभर डांगोरा पिटला. भेटायला कोणीही येवो, दूधवाला, जुने ड्रायव्हर, बसमधली आता बाप झालेली पोरं, दादा शर्टाचं वरचं बटण सोडून छातीवर टकटक करायचा. "आत काय आहे माहितीय? माझ्या चिमणीच्या हातचं काम आहे." लोक घारीकडे कौतुकाने बघायचे. ती चहाचे कप उचलून आत जायची. लोकांना वाटायचं, किती विनयी.

ती वाळायला लागली. डब्यातलं अन्न तसंच परत न्यायची. मी दोनदा विचारलं, तिने डब्याचं झाकण लावलं. मग एक दिवस तिने जांभईला सांगितलं, त्या नव्या मिश्रणाच्या नळ्या मांड, मला बघायच्यात. जांभईने मांडल्या. घार पडद्यासमोर बसली आणि खाचा सांगायला लागली. तिने सांगितलेल्या खाचांपैकी कितीतरी रिकाम्या होत्या. जिथे नळ्या होत्या तिथे तिला नुसतं करडं पाणी दिसत होतं, आणि दिसलीच एखादी, तर तिचं टोक कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. जांभई म्हणाली, "अगं, डोळे तपासून घे. वय झालं आता." घारीने तिला जुन्या मिश्रणाच्या मांडायला सांगितलं. त्या पटापट दिसल्या, सगळ्या. डोळ्यांना काही झालं नव्हतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, टाक्यांच्या मागच्या कट्ट्यावर, तिने मला सगळं सांगितलं. मला राग आला. मला राग येतो तेव्हा मी हळू बोलते, ते जास्त वाईट असतं.

"साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"दादाला?"

"त्याला ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, ताई."

"बरी सापडली गं तुला डॉक्टरांची आज्ञा."

ती रडली. मी तिला जवळबिवळ घेतलं नाही. भिंतीपलीकडे गाडीत खोकी चढवत होते, तो आवाज आम्हा दोघींना ऐकू येत होता. मी म्हटलं, "ऐकतेयस ना? ती खोकी कुणाच्यातरी दादांकडेच चाललीत." ती म्हणाली, "मला माहितीय." मी म्हटलं, "माहीत असून तू इथे बसून पदर भिजवतेयस." आता वाटतं, फारच लागट बोलले. पण त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं सांगू का, आजही सुचत नाही.

तरी ती लगेच गेली नाही. दोन-तीन दिवस घालवले. तिने मला नंतर सांगितलं ते असं, की साहेबांना सांगायची तिला भीती नव्हती. नोकरी गेली तर गेली. तिला भीती होती ती दादाच्या तोंडाची. ते तोंड एकदा उतरलं की पुन्हा तसं कधीच दिसणार नाही, ही. आणि त्या दोन-तीन दिवसांतच तिने बघितलं की दादा जिना चढताना मध्ये थांबतो. कठड्याला धरतो, काहीतरी आठवल्यासारखं करतो, मग चढतो. तिने विचारलं, "दादा, दम लागतोय का?"

"जरासं दाटतं गं. कुणाला बोलू नकोस, तुझी वहिनी उगाच घर डोक्यावर घेईल. आणि मला कसली भीती? तुझ्या हातचा आहे ना आत."

हे ऐकून ती वरच्या खोलीत गेली आणि दार लावून तोंडात पदर कोंबून बसली. आणि तशीच उठून, अंगावरच्या कपड्यांनिशी, सुट्टी असतानाही कारखान्यात आली. साहेब होते. तिने सांगितलं. "मांडणारीही मीच होते, बघणारीही मीच होते."

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं." त्या मिश्रणाचा माल थांबला. गेलेला माल परत मागवला. ज्या ज्या माणसांना तो बसवला होता, त्यांना तपासणीला बोलवा असं प्रत्येक दवाखान्याला कळवण्यात आलं. घारीला एक्स-रेच्या खोलीतून काढून खोक्यांवर चिकटपट्ट्या लावायला बसवलं. काढून टाकलं असतं तर तिला जास्त आवडलं असतं, असं मला वाटतं. रोज सगळ्यांसमोर बसून चिकटपट्टी फाडायची, तो आवाज सगळा विभाग ऐकतो.

आता दादाच्या घरी दवाखान्याचा फोन येणार होता. आज नाहीतर उद्या. तिच्यापुढे आता पळवाट नव्हती.

दादा मागच्या ओट्यावर बसला होता. मोडक्या स्टुलाचा पाय बसवत होता, तोंडात दोन खिळे. वहिनी बाजारात गेली होती. घार त्याच्यासमोर खाली फरशीवर बसली आणि एका दमात सगळं बोलली. पेटी, पत्रे, नियम, जांभईची रजा, तिचा तोरा, डॉक्टरांचं ते वाक्य, पुन्हा केलेली परीक्षा, सगळं. दादाने खिळे तोंडातून काढून हातात घेतले.

मग म्हणाला, "चिमणे, एक विचारू? हे मला कळावं म्हणून सांगितलंस, की दवाखान्याचा फोन येणार म्हणून?"

मी तिच्या जागी असते तर खोटं बोलले असते. कोणीही बोललं असतं. पण ती म्हणाली, "फोन येणार म्हणून."

दादा म्हणाला, "बरं." उठला, स्टूल भिंतीला टेकवून ठेवलं आणि शर्ट बदलायला गेला. फोनची वाट न बघता दोघं रिक्षाने दवाखान्यात गेले. वाटेत एका वळणावर रिक्षा जोरात वळली तेव्हा दादाने सवयीने तिच्यापुढे हात आडवा धरला, ती लहान असताना बसमध्ये धरायचा तसा, आणि ध्यानात आल्यावर काढून घेतला. ते हात काढून घेणं तिला सगळ्यात जास्त लागलं, असं ती म्हणते.

डॉक्टरांनी पुन्हा तार घालून बघितलं. स्टेंट त्या तुंबलेल्या जागेचा शेवट यायच्या थोडा अलीकडेच संपला होता. उरलेली जागा पुन्हा आवळत चालली होती. आणखी थोडे आठवडे गेले असते तर काय, ते डॉक्टरांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी दुसरा एक छोटा स्टेंट जोडला. या वेळी कुठल्या कंपनीचा, ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. दादा बरा झाला. आजही ठणठणीत आहे, बसच्या पोरांच्या पोरांना ओरडतो.

वहिनी धावतपळत दवाखान्यात आली ती केस विस्कटलेले, हातात बाजाराची पिशवी तशीच. "काय झालं? काय झालं?" घारीने तोंड उघडलं. तिने ठरवलंच होतं, वहिनीलाही सगळं सांगायचं, मग ती घराबाहेर काढो नाहीतर आणखी काही करो. पण पलंगावरून दादा बोलला. आयुष्यात बायकोशी एकदाही खोटं न बोललेला माणूस.

"हिनंच ओळखलं. मी जिन्यात थांबलो ते हिनं बघितलं, आणि मला ओढत इथे आणलं. हिची नजर नसती तर मी गेलो होतो."

वहिनीने पिशवी खाली टाकली. नणंदेचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडली. "माझं तोंड फार वाईट आहे गं," म्हणाली, "मनात ठेवू नकोस." घारीने दादाकडे बघितलं. दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

नंतर, घरी आल्यावर, एकदाच तो तिला बोलला. "तिला सांगायचं नाही. तिनं तुला घराबाहेर काढलं तर मी कुणाची बाजू घेऊ? मला जमायचं नाही." म्हणजे त्याने तिला माफ केलं होतं की नाही हे तिला कळलंच नाही. त्याने तिला फक्त घरात ठेवलं, आणि त्यासाठी स्वतः खोटं बोलला.

मी तिला म्हटलं, "बाई, मग आता कशाला झुरतेस? दादा जगला, बाकीच्यांना बोलावून तपासलं, तू कबूल केलंस. काय राहिलं आता?"

आम्ही त्याच कट्ट्यावर बसलो होतो. तिने डबा उघडला. डबा भरगच्च होता, वरती स्वच्छ फडकं, कडेला वेगळ्या वाटीत कापलेलं फळ. तिने स्वतः कधी एवढा नीटनेटका डबा भरला नव्हता.

"वहिनी भरते," ती म्हणाली. "घरीसुद्धा मला उठू देत नाही. गरम-गरम वाढून, तुझ्यामुळे हे घरात आहेत म्हणत ताट हातात आणून देते, समोर बसते, आणि मी जेवते का ते बघत राहते."

"मग?"

"मग काय, ताई. जेवते."